ठेका सर्वांचा, ध्वनिमुद्रण कोणाचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपती महिन्यावर आले की गोदाकाठी संध्याकाळी ढोलांचा सराव ऐकू येऊ लागतो. 'नाशिक ढोल' हे नाव आता नाशिकपुरते उरलेले नाही. केरळात, मंगळूर-उडुपीकडेही याच नावाची पथके मिरवणुकीत वाजवतात. त्यांनी आपली परवानगी काढावी का? मुळीच नाही. परंपरेने चालत आलेला ठेका कुणा एकाच्या मालकीचा नसतो आणि मला ते बरेच वाटते. मालकी असती तर तो सिन्नरपर्यंतही पोचला नसता!

मात्र मध्यंतरी ओळखीच्या पथकातला एक मुलगा वैतागून आला. त्यांचा सराव कुणीतरी टिपला, त्यावर कीबोर्ड चढवला आणि रिमिक्स म्हणून विकला. पुढे पथकाने स्वतःचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, तर तोच हक्कभंग म्हणून काढला गेला. "काका, ढोल आमचे आणि चोरही आम्हीच?"

गोम अशी, की गाणे एक असले तरी त्यातले हक्क अनेक असतात. तुकोबांचा अभंग सर्वांचा. पण श्रीनिवास खळे यांनी त्याला लावलेली चाल तशी नाही. खळे २०११ मध्ये गेले. त्यानंतर साठ वर्षे, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत त्या चालीवर स्वामित्वहक्क, आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो तो, राहील. लतादीदींच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ही आणखी तिसरी गोष्ट. त्याचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांचा.

वरातीत बँडवाल्याने कोणतेही गाणे वाजवावे, १९५७ च्या कायद्यातच तशी सूट आहे. रिमिक्सचे तसे नाही. जुने गाणे नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करायचे, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, मानधन आगाऊ भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून वापरायचा असेल, तर त्याच्या मालकाची संमतीच हवी. नवे काही करू पाहणाऱ्या पोरांना हे जाचक आहे, असे माझे मत आहे.

मग ढोलवाल्याचे काय? ठेका त्याचा नसला, तरी त्या संध्याकाळचे वाजवणे त्याचे असते. १९९४ च्या दुरुस्तीने वादक-गायकांना हा हक्क दिला आणि आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. संमतीवाचून वादन टिपून विकणे हा त्याचा भंग. तेव्हा त्या मुलाची बाजू पक्की होती. अडचण फक्त पुराव्याची. त्या दिवशी कोण वाजवत होते, याची कुठेच नोंद नव्हती.

आता सरावाच्या जागी एक वही असते. तारीख, वेळ, हजर वादकांच्या सह्या. बाहेरच्या कुणाला ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर त्याचीही सही घेतात. वही दाखवायला आला तेव्हा मुलगा हिशेब करत होता, "पन्नास वर्षे म्हणजे तोवर मी सत्तरीचा होईन की!"