विश्लेषण : घरच्या जुन्या कॅसेट कुटुंबाच्या संकेतस्थळावर कशा आणाव्यात?

लग्न, बारसे, नव्या स्कूटरची पूजा, आकुर्डीत मुक्कामाला आलेली तुकाराम महाराजांची पालखी... ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडीओवर टिपलेले असे प्रसंग अनेक घरांत माळ्यावरच्या कॅसेटमध्ये पडून आहेत. मुले बंगळूरु किंवा परदेशात असल्याने हे चित्रण कुटुंबाच्या खासगी संकेतस्थळावर टाकण्याचा विचार आता अनेक जण करतात. मात्र कॅसेटवरून थेट संकेतस्थळावर, इतके हे काम सोपे नाही.

घाई कशासाठी?

व्हीएचएस कॅसेटमधील फितीवर चुंबकीय थर असतो. उष्णता आणि दमट हवेमुळे तो खराब होतो, फितीला बुरशी लागते. दुसरी अडचण यंत्राची. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी असलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे आता जुन्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांवरच काम भागवावे लागते.

यंत्रात घालण्यापूर्वी काय पाहावे?

कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट घरी लावून पाहू नये. फीत तुटू शकते आणि यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटपर्यंतही पोहोचते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. कॅसेट चांगली असेल, तर कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी आधी तोडावी. मग तिच्यावर चुकून नवे रेकॉर्डिंग होत नाही.

दोन फायली का हव्यात?

एक फाइल जपण्यासाठी आणि दुसरी पाहण्यासाठी. डीव्ही पद्धतीने उतरवलेले चित्रण तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते. म्हणजे तीन तासांच्या लग्नाच्या कॅसेटला ३९ जीबी. ही मूळ प्रत काहीही न कापता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यातील एक दुसऱ्या घरी. संकेतस्थळासाठी तिच्यावरून लहान प्रत तयार करावी. लहान प्रतीवरून मोठी प्रत पुन्हा मिळवता येत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडीओही आकाराने कमी होऊनच पोहोचतो, त्यामुळे तो जपण्याची प्रत ठरत नाही.

लहान प्रत कशी असावी?

एमपी४ फाइल, एच.२६४ पद्धतीचे चित्र आणि एएसी आवाज ही जोडी जवळपास प्रत्येक मोबाइल आणि संगणकावर चालते. जुन्या चित्रणासाठी सेकंदाला २ मेगाबिट वेग साधारण पुरतो. या हिशेबाने दहा मिनिटांची फाइल सुमारे १५० एमबी होते.

भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी अर्ध्या ओळी, मग उरलेल्या. टीव्हीवर ते खटकत नाही. संगणकावर मात्र वरातीत नाचणाऱ्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. त्यासाठी ‘डीइंटरलेस’ ही सोय वापरावी. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. त्यातच ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण केली, तर पूर्ण फाइल उतरण्याआधीच व्हिडीओ सुरू होतो. जुने चित्र ४:३ प्रमाणाचे असते. पडदा भरण्यासाठी ते ताणले, तर माणसे जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालेल.

किती कापावे?

तीन तासांचे लग्न सलग कोणी पाहत नाही. हळद, मंगलाष्टका, पंगत, पाठवणी असे पाच-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि ठिकाण असावे. उदाहरणार्थ, ‘१९९१-बारसे-आकुर्डी’. व्हिडीओवाल्याने वरून जोडलेली सिनेमाची गाणी ही वेगळी अडचण आहे. यूट्यूबवर टाकल्यास तेथील स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखते आणि त्या भागाचा आवाज किंवा पूर्ण व्हिडीओ बंद होऊ शकतो.

कोणाला दिसेल?

यूट्यूबवरील ‘अनलिस्टेड’ व्हिडीओ शोधात येत नाही, पण लिंक हाती लागलेला कोणीही तो पाहू शकतो. ‘प्रायव्हेट’ व्हिडीओ फक्त निवडलेल्यांनाच दिसतो. स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर पासवर्ड हवाच. बाळाला न्हाऊ घालतानाचे चित्रण, पत्रिकेवरील पत्ते आणि फोन क्रमांक दाखवणारे भाग काढून टाकावेत. चित्रणात दिसणाऱ्यांना आधी विचारावे. कोणी नको म्हटले, तर तो तुकडा घरच्या प्रतीतच राहू द्यावा.

नावे कोण सांगणार?

सर्वांत नाजूक काम हेच आहे. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबले. २०२२ मध्ये त्याच आवारात इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना उभा राहिला. परंतु निरोप समारंभाच्या चित्रणात हार घालून बसलेले कोण, शेजारी टाळ्या वाजवणारे कोणत्या विभागातले, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ते त्या पिढीलाच माहीत आहे आणि ती आता सत्तरी-ऐंशीत आहे.

त्यामुळे सफाई, कापाकापी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पहिली कच्ची प्रत तयार होताच ती आजी-आजोबांसमोर लावावी आणि शेजारी मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करावे. कोणत्या मिनिटाला कोण दिसते, हे वहीत टिपून ठेवावे आणि तीच नावे व्हिडीओखाली लिहावीत. फाइल पुढच्या वर्षी पुन्हा लहान करता येईल. नावे मात्र तेव्हा विचारता येतीलच, याची खात्री नाही.