मळ्यातल्या घरी भरवशाचे इंटरनेट : निवड कशी करावी, टिकवावे कसे



शेतकी गटात आम्ही फिरावयास निघालो की पूर्वी तीन प्रश्न हमखास ठरलेले असत. तोड कधी, बेणे कुठले आणि बिल कधी. अलीकडे चौथा प्रश्न त्यांच्या जोडीला आला आहे. "साहेब, मळ्यात नेट कोणाचं चालतं?" हा प्रश्न करमणुकीचा म्हणून बाजूला सारण्यासारखा राहिलेला नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर आली. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. २०२५ पासून शेती योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक मागितला जातो. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने उसात जमिनीतील सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची माहिती यांच्या आधारे पाणी व खताचा सल्ला देण्याचे प्रयोग केले आहेत. हा सल्ला शेवटी शेतकऱ्याच्या मोबाईलवरच यावयाचा. शिवाय घरात दहावी-बारावीचं पोर असलं, तर विचारूच नका.

अडचण अशी की, गावठाणात तार येऊन पोचते, पण आपली घरे रानात. तालुक्याच्या गावापासून चार-सहा किलोमीटरवर, उसाने वेढलेल्या वस्तीवर. पाटाच्या टोकाच्या शेताला पाणी कसे येते हे आपणास सांगावयास नको. इंटरनेटचेही तसेच आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणे फायद्याचे ठरेल.

वेग किती हवा?

जाहिरातीत १०० मेगाबिट, ३०० मेगाबिट असे आकडे असतात. ते पाइपाच्या व्यासासारखे समजावेत. पाइप सहा इंची आहे, पण विहिरीत पाणीच नाही, तर उपयोग काय? साध्या व्हिडिओ कॉलला एक ते दोन मेगाबिट आणि स्वच्छ चित्राच्या व्हिडिओला साधारण पाच मेगाबिट वेग पुरतो. चार-पाच माणसांच्या घराला दिवसरात्र टिकणारे १५ ते २० मेगाबिट मिळाले तरी भागते. शंभरचा वेग देऊन संध्याकाळी बंद पडणाऱ्या जोडणीपेक्षा वीसची न तुटणारी जोडणी केव्हाही बरी. वेगाला भुलू नये, भरवसा पाहावा.

वाटा कोणत्या?

१) फायबरची तार. ही मिळत असेल तर दुसरीकडे पाहू नये. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून उजेड जातो, त्याला पाऊस, धुके, उसाची उंची यांचा त्रास नाही. गावच्या केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत ही पद्धत चालते, आणि वाटेतल्या वाटणी-डब्यांना वीज लागत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत अशी तार नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. आपल्या पंचायतीत तार आली आहे का आणि ती चालू आहे का, हे ग्रामसेवकास विचारावे. पंचायतीपासून मळ्यापर्यंतचे अंतर बहुधा स्थानिक केबलवालाच जोडून देतो आणि तारेचे पैसे मागतो. एकट्याने गेलात तर ते अंगावर येतात. वस्तीवरील पाच-सात घरांनी मिळून मागणी केली तर खर्च वाटला जातो आणि केबलवाल्यालाही येणे परवडते.

२) फाइव्ह-जी वरील एअरफायबर. देशात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी घरासाठी अशी जोडणी आणली. घराच्या माथ्यावर डबा बसतो, तो टॉवरकडून लहरी घेतो आणि तारेने घरातील राउटरला देतो. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तार येत नाही, हे ध्यानात ठेवावे. टॉवर जवळ आणि समोर असेल तर काम चोख, नसेल तर नाही.

३) फोर-जी चा राउटर व बाहेरचा अँटेना. जिथे वरच्या दोन्ही वाटा नाहीत तिथे ही. घरातल्या खिडकीत राउटर ठेवून नशिबावर हवाला ठेवण्यापेक्षा, बाहेर बसणारा डबा पाइपावर उंच लावून त्याचे तोंड टॉवरकडे करावे. डबा वर आणि तिथून नेटवर्कची तार खाली, अशीच रचना ठेवावी. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. याउलट अँटेना वर आणि राउटर खाली ठेवला तर मधल्या लांब केबलीतच बरीच ताकद मुरते.

४) गावातून थेट रेडिओ. गावात चांगली तार आहे आणि मळा तीन-चार किलोमीटरवर आहे, अशा वेळी दोन्हीकडे समोरासमोर तबकड्या लावून जोडणी आणता येते. यासाठीचे पाच गिगाहर्ट्झचे बरेचसे पट्टे २०१८ पासून परवानामुक्त आहेत.

५) उपग्रह. स्टारलिंक कंपनीस भारतात सेवेचा परवाना २०२५ मध्ये मिळाला. बाकी सर्व वाटा खुंटल्या तरच हा विचार करावा. यंत्राची किंमत व मासिक आकार आधी लेखी घ्यावा.

बाजारात मिळणारे सिग्नल वाढविण्याचे बूस्टर मात्र कोणी लावू नयेत. विनापरवाना बूस्टर बेकायदा तर आहेच, पण त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडतात.

उसाची उंची मोजा

ही गोष्ट शहरातला तंत्रज्ञ तुम्हाला सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. तोड झाल्यावर रान मोकळे असते. त्या वेळी चाचणी घेतली तर नेट झकास चालते आणि आपण वर्षाचे पैसे भरून मोकळे होतो. पुढे आडसाली ऊस डोक्यावर जातो, पावसाने पाने भिजतात आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. मग नेट गेलं म्हणून ओरड सुरू. तेव्हा चाचणी ऊस उभा असताना, शक्य तर पावसाळ्यात घ्यावी. मोकळ्या रानात घ्यावी लागली तर डबा वाढलेल्या उसाच्या वर राहील एवढ्या उंचीवर धरून बसवावा.

थेट रेडिओला तर नुसती नजर पोचून भागत नाही. तीन किलोमीटरच्या अंतरात मध्यावर, दोन तबकड्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेखाली सुमारे बारा फूट जागा मोकळी लागते. ऊस बारा फूट धरला तर त्या ठिकाणी रेषा जमिनीपासून चोवीस-पंचवीस फुटांवर हवी. पाइप त्या हिशेबाने घ्यावा, त्याला ताण द्यावेत आणि अर्थिंग न चुकता करावे. वळवाच्या विजा आपल्याला नव्या नाहीत.

विजेचा बंदोबस्त

मळ्यातील नेट बंद पडण्याचे निम्मे कारण नेटमध्ये नसून विजेत असते. शेतीपंपाच्या फीडरवरील वस्तीला हे चांगलेच ठाऊक आहे. राउटरला वीज फार लागत नाही, दहा-बारा वॅट पुरतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. कागदावर सात तास, प्रत्यक्षात चार-पाच तास समजावेत. राउटरसाठीचा लहान यूपीएस घ्यावा. फवारणी पंपाची बॅटरी थेट जोडू नये, चार्जिंगच्या वेळी दाब चौदा व्होल्टपर्यंत चढतो आणि डबा जळू शकतो. गावातील केबलवाल्याच्या केंद्रात बॅकअप आहे का, हेही विचारावे. आपल्या घरी उजेड आणि तिकडे अंधार असला तर उपयोग नाही.

गळीत हंगामातील काळजी

फायबरची तार सर्वात जास्त तुटते ती आपल्याच हंगामात. उंच भरलेली ट्रॉली रस्त्यावर लोंबणाऱ्या तारेत अडकते. पाचट पेटविले की खांबावरील तार वितळते. पाचट जाळू नये हे आम्ही जमिनीच्या सुपीकतेसाठी सांगतच असतो, आता हे आणखी एक कारण झाले. रस्ता ओलांडणारी तार भरलेल्या ट्रॉलीच्या चांगली वर घ्यावयास लावावी. चारी वा पाइपलाइन खोदताना जेसीबीवाल्यास तारेची जागा आधी दाखवावी. तारेस गाठ मारू नये, खिळा ठोकू नये, काटकोनात वाकवू नये.

डब्यावर लाल दिवा लागला म्हणजे उजेड येत नाही, तार तुटली असे समजावे. जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाकडून उजेडाची ताकद मोजून घ्यावी व वहीत लिहून ठेवावी. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान आकडा असला तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की नेट तुटू लागते. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. म्हणून पहिला आकडा लिहिलेला असला की पुढे बिघाड कुठे आहे हे भांडण न करता कळते.

पैसे भरण्यापूर्वी

शेजारच्या वस्तीवर कोणाचे चालते ते पाहावे. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजावा. रात्रीचा आकडा खरा धरावा, कारण त्या वेळी सगळे गाव पाणी उपसत असते. यासाठी ट्रायचे मायस्पीड ॲप आहे. पहिल्यांदा वर्षाचे नव्हे, महिन्याचे पैसे भरावेत. पावती घ्यावी. तक्रार तोंडी न करता कंपनीकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आणि घरात दुसऱ्या कंपनीचे एक सिम जपून ठेवावे. बैलजोडी असली तरी जादा जू लागतेच.

वस्तीवर किती घरांना जोडणी हवी, त्यांची यादी अंतरासह करा आणि ती घेऊन ग्रामसभेत व केबलवाल्याकडे एकत्र जा. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारीत नाही, वीस सह्यांच्या अर्जाला खुर्ची मिळते. लिफ्ट इरिगेशनची पाइपलाइन आपण अशीच मिळून रानात आणली. ही तारही तशीच येईल.

— ऊस विकास अधिकारी