डॅडो ब्लेड घेण्याआधी यंत्राचा दांडा मोजा

बांधकामाच्या भाषेत ‘डॅडो’ म्हणजे भिंतीच्या खालच्या भागावर बसवलेल्या टाइल्स. सुतारकामात मात्र हा शब्द लाकडाच्या रेषांना आडव्या पाडलेल्या खाचेसाठी वापरला जातो. पुस्तकांच्या कपाटाची आडवी फळी बाजूच्या उभ्या फळीत जिथे रुतून बसते, ती ही खाच. खिळ्यांवर टेकलेल्या फळीचा सारा भार खिळ्यांवरच येतो. खाचेत बसलेल्या फळीला संपूर्ण रुंदीभर आधार मिळतो. आपल्याकडील मेस्त करवतीने दोन कडा कापून आणि पटाशीने मधले लाकूड काढून ही खाच पाडत आले आहेत. घरी टेबल सॉ आणणाऱ्या हौशी कारागिराला तीच खाच एका फेरीत पाडणारे डॅडो ब्लेड खुणावते. मात्र ते निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसून, ते आपल्या यंत्रावर सुरक्षितपणे बसते का, हा आहे.

दोन प्रकार

पहिला प्रकार तिरप्या चकतीवर डोलत फिरणाऱ्या एकाच ब्लेडचा. तो स्वस्त असतो. पण त्याने पाडलेल्या खाचेचा तळ किंचित गोलसर राहतो आणि यंत्राला कंपही अधिक बसतो. दुसरा प्रकार संचाचा. त्यात कडा कापणारी दोन बाहेरची ब्लेड, मधले लाकूड काढणारे ‘चिपर’ आणि रुंदी जुळवण्यासाठी कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात. बाहेरची दोन ब्लेड मिळून सुमारे ६ मिमी रुंदी होते आणि चिपर वाढवत ती साधारण २० मिमीपर्यंत नेता येते. सपाट तळ आणि स्वच्छ कडा हव्या असतील, तर संचच घ्यावा. प्लायवूडचा वरचा पातळ थर उखडू नये यासाठी बाहेरच्या ब्लेडना दात जास्त असलेला आणि दातांचा कल मागे झुकलेला संच बरा.

यंत्राची परीक्षा

ब्लेड ज्या दांड्यावर बसते त्याची लांबी प्रथम मोजावी. पूर्ण संच चढवल्यावरही नटाचे सर्व आटे दांड्यावर बसले पाहिजेत. युरोपात यंत्र बंद केल्यावर ब्लेड १० सेकंदांत थांबावे अशी अपेक्षा असते. जड संच इतक्या लवकर थांबवणे कठीण. त्यामुळे तिकडच्या घडणीच्या यंत्रांचा दांडा आखूड ठेवलेला असतो, आणि आपल्या बाजारातील २३० व्होल्टची अनेक घरगुती यंत्रे त्याच घडणीची आहेत. दुसरी गोष्ट ब्लेडच्या मधल्या भोकाची. अमेरिकी संचांचे भोक बहुधा पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिमी असते. यंत्राचा दांडा २५.४ किंवा ३० मिमीचा असू शकतो. मोठ्या भोकात रिंग घालून जड संच बसवण्याचा मोह टाळावा. यंत्राच्या पुस्तिकेत डॅडो संचाला स्पष्ट परवानगी नसेल, तर विषय तिथेच संपतो. परवानगी असेल, तर १० इंची यंत्राला बहुधा ८ इंची संच पुरतो. मोटर लहान असल्यास ६ इंची संच घ्यावा.

बोरगावची फळी, गोव्याचा पाऊस

रुंदी ठरवताना लाकडाचे माहेरही पाहावे लागते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौसर तालुक्यातील मराठीभाषक बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे गाव. या पट्ट्यातील सागवानाला लाकूडबाजारात जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून आजही ‘सीपी टीक’ म्हणतात. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळलेली फळी गोव्यात आली आणि जूनमध्ये हवा ओलसर झाली, की ती फुगते. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलते. तरीही १८ मिमी जाडीत एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडू शकतो. मे महिन्यात घट्ट बसवलेली फळी पावसाळ्यात खाचेच्या कडांवर दाब देते. म्हणून भरीव लाकडासाठी एक पातळ शिम अधिक घालून खाच किंचित सैल ठेवावी. प्लायवूड एवढे फुगत नाही. पण १८ मिमी म्हणून घेतलेली शीट नेमकी तेवढी भरेलच असे नाही. ती व्हर्नियरने मोजावी, टाकाऊ तुकड्यावर चाचणीची खाच पाडावी आणि मगच चांगल्या फळीला हात घालावा. खाचेची खोली जाडीच्या एक-तृतीयांश, म्हणजे १८ मिमी फळीत ६ मिमी, पुरेशी होते.

बोटांचा प्रश्न

डॅडो खाच आरपार नसल्याने ती पाडताना ब्लेडवरचे संरक्षक आवरण काढावे लागते. धोका इथेच वाढतो. फळी ढकलण्यासाठी ठोकळा वापरावा, हातमोजे घालू नयेत आणि काम संपताच आवरण पुन्हा बसवावे. चिपरचे दात शेजारच्या ब्लेडच्या दातांना टेकत नाहीत ना, हे हाताने फिरवून पाहावे. त्याआधी प्लग काढलेला असावा.

याहून मोठा धोका जुगाडाचा आहे. मार्बल कटर टेबलाखाली उलटा बसवून त्याचा टेबल सॉ करणारे अनेक आहेत. हा कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो. टेबल सॉचे फेरे साधारण ४,००० असतात. त्या वेगाने ६ इंची ब्लेडच्या कडेला ताशी सुमारे ३७० किलोमीटरची गती येईल. ब्लेडवर कोरलेली वेगमर्यादा त्याच्या कितीतरी खाली असते. मार्बल कटरवर किंवा ग्राइंडरवर डॅडो ब्लेड कधीही चढवू नये.

यंत्र नाही म्हणाले, तर

राउटर आणि सरळ पट्टी यांनी तितकीच नीट खाच पडते. खोली मात्र दोन-तीन फेऱ्यांत गाठावी. चार-पाच खाचांचेच काम असेल, तर टेबल सॉचे नेहमीचे ३ मिमी ब्लेड सरकवत सहा-सात फेऱ्या घ्याव्यात आणि तळ पटाशीने साफ करावा. वर्षाकाठी एखादे कपाट करणाऱ्याला डॅडो संचाची गरजच पडत नाही. ज्याला ती पडते, त्याने दुकानात जाताना दांड्याची लांबी, त्याचा व्यास, यंत्राचे फेरे आणि पुस्तिकेत परवानगी असलेली संचाची कमाल रुंदी, एवढे चार आकडे लिहून न्यावेत.