हिशेब वहीतला आणि प्लगमधला

गेल्या थंडीत सकाळच्या घाईत मी पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री एकाच मल्टिप्लगवर लावली. थोड्याच वेळात जळका वास! पॉइंट काळा पडला होता. नशीब, बटण लगेच बंद केलं.

संध्याकाळी नववीतली लेक म्हणाली, “आई, हिशेब केला होतास का?” मी शाळेत शिकवते, पण वहीतला हा हिशेब घरात कधी आणलाच नव्हता!

मैत्रिणींनो, तो अगदी सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. रॉड १५०० वॉटचा. भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. इस्त्री १००० वॉटची, म्हणजे सव्वाचारच्या थोडी वर. मिळून जवळजवळ ११, आणि छोटा पॉइंट फक्त ६ अँपिअरचा! तो तापणारच.

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो : रॉडचा सुमारे ३५ ओहम, इस्त्रीचा ५३. रोध कमी, तितकी विद्युतधारा जास्त.

तेव्हा वस्तूवरचे वॉट वाचा, २३० ने भागा. उत्तर ६ च्या वर गेलं, तर १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच हवा. आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नका हं!