वर्कशॉपच्या हिशोबाची प्रत रोज रात्री क्लाउडवर. पण किल्ली बॅच फाइलमध्ये नको

दिघी : दिघी-भोसरी भागातल्या लहान वर्कशॉपमध्ये बऱ्याचदा ऑफिसला एकच कॉम्प्युटर असतो. टॅलीचा डेटा, चलनं, ड्रॉइंग, कामगारांचा पगार, सगळं त्यातच. बॅकअप म्हणजे एक पेनड्राइव्ह आणि तोही त्याच कॉम्प्युटरला लावलेला. बियाणं आणि खायचं धान्य एकाच कणगीत ठेवण्यासारखाच हा प्रकार.

फेब्रुवारी 2021 मध्ये निगडीत पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या 27 सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. असा व्हायरस फाइलींना कुलूप लावतो. मशीनला जोडलेला पेनड्राइव्हही त्यात सापडतो. दुसरीकडे जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. 'कॉम्प्युटर उडाला' हे कारण तिथं चालत नाही.

काय लागतं?

'रेस्टिक' हा फुकट मिळणारा प्रोग्राम विंडोजच्या काळ्या खिडकीतून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरून चालतो. फाइली पाठवण्याआधीच तो कुलूपबंद करतो आणि पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेला भागच वर चढवतो. त्यामुळे साध्या इंटरनेटवरही भागतं. साठवायला ॲमेझॉनची एस-थ्री जागा घेता येते. तिचं मुंबई केंद्र 2016 पासून सुरू आहे. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्यांनी भारतातलंच केंद्र निवडावं. 2022 च्या नियमानुसार कंपन्यांना हिशोबाचा रोजचा बॅकअप देशातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे.

किल्ली कुठं ठेवायची?

रेस्टिकला चार गोष्टी लागतात : साठ्याचा पत्ता, साठ्याचा पासवर्ड, ॲमेझॉनची ॲक्सेस की आणि सिक्रेट की. बरेच जण या चारही बॅच फाइलमध्ये लिहून टाकतात. मग ती फाइल कधी अकाउंटंटला, कधी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला व्हॉट्सॲपवर जाते. कुलपाला किल्ली बांधूनच दिली म्हणायची.

त्यावर उपाय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा. विंडोज नाव आणि त्यापुढची किंमत स्वतःकडे नोंदवून ठेवतं. बॅच फाइलमध्ये किल्ली लिहावीच लागत नाही. रेस्टिक ठरलेल्या नावाने ती विंडोजकडून घेतो. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप केलं की आपल्या अकाउंटची व्हेरिएबल बदलायचा पर्याय येतो. तिथं 'न्यू' दाबून रेस्टिकच्या माहितीपुस्तिकेतली चार नावं जशीच्या तशी भरायची. 'सेटएक्स' कमांडनेही हेच होतं. नुसत्या 'सेट'ने केलेली नोंद मात्र खिडकी बंद केली की जाते.

ही तिजोरी नव्हे, हे ध्यानात ठेवावं. त्या लॉगिनने बसलेला कोणीही किल्ली वाचू शकतो. म्हणून मुख्य खात्याची किल्ली वापरू नये. त्या एका बकेटपुरती वेगळी काढावी. बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवावं आणि जुन्या आवृत्त्या कायमच्या पुसायची परवानगी या किल्लीला देऊ नये. किल्ली चोराच्या हाती लागली तरी जुना माल शिल्लक राहतो.

इथं अडतं

नोंद केल्यावर चालू खिडकीला ती दिसत नाही. नवीन उघडावी लागते. मग एकदाच 'इनिट' कमांडने साठा तयार करायचा आणि 'बॅकअप' कमांडपुढे फोल्डरचा पत्ता द्यायचा. टॅली बंद करून बॅकअप घेतलेला बरा.

रात्रीचं काम टास्क शेड्युलरकडे देताना खरी गोची होते. दिवसा हाताने चालणारा बॅकअप रात्री बंद पडतो, कारण टास्क दुसऱ्या अकाउंटखाली लावलेला असतो आणि व्हेरिएबल आपल्या अकाउंटची असतात. ज्या लॉगिनमध्ये किल्ल्या भरल्या, त्याच लॉगिनने टास्क चालवायचा. अर्थात रात्री कॉम्प्युटर आणि इंटरनेट चालू पाहिजे.

जुन्या प्रती किती ठेवायच्या ते 'फर्गेट' कमांडला सांगता येतं. रोजच्या 7, आठवड्याच्या 4, महिन्याच्या 12 आणि वर्षाच्या 8 ठेवल्या तर 72 महिन्यांची अट सहज पार पडते.

परत आणून बघा

महिन्यातून एकदा 'रिस्टोर' कमांडने शेवटची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावी आणि टॅलीत उघडून बघावी. उघडली तरच तो बॅकअप, नाहीतर नुसता समज.

आणि रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणालाच उघडता येत नाही, प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही नाही. ज्या कॉम्प्युटरमध्ये तो नोंदवलाय, तोच उडाला तर? म्हणून पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात, जागेच्या कागदपत्रांसोबत ठेवावा आणि घरातल्या आणखी एकाला तरी दाखवून ठेवावा.