'मी पाच पूर्ण!' : मूल पाच वर्षांचे झाले की तिकिटापासून आधारपर्यंत काय-काय बदलते?

पुण्याहून नागपूरला जाणारी रात्रीची गाडी. ताई, दाजी, आजी आणि भाचा. तिकिटे दोन महिने आधीच काढलेली. तेव्हा भाचा चार वर्षांचा होता, म्हणून त्याचे तिकीट काढलेच नव्हते. मधल्या काळात वाढदिवस झाला, केक कापला, फोटो स्टेटसला लागले. तिकिटाचे मात्र कोणाच्याच लक्षात आले नाही. गाडीत बसल्यावर ताईला आठवले आणि ती त्याच्या कानात म्हणाली, "कोणी विचारलं तर चार सांगायचं हं."

टीसी आले. यादी तपासून झाल्यावर सहज म्हणाले, "काय बाळ, किती वर्षांचा तू?" भाच्याने पंजा उघडून दाखवला. "पाच पूर्ण! माझा डायनासोरचा केक होता."

तिकिटाचे पैसे भरले, वर दंडही भरला. ताईला पैशांचे फारसे वाटले नाही. गाडी दौंड सोडून पुढे गेल्यावर भाच्याने विचारले, "आई, मी चुकीचं बोललो का?" या प्रश्नाचे उत्तर मात्र तिला देता आले नाही.

असा प्रसंग अनेक घरांत घडतो. त्यात फसवण्याच्या इराद्यापेक्षा गोंधळच जास्त असतो. कारण मुलाचे वय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने मोजले जाते. विमानात दोन वर्षे महत्त्वाची, दुचाकीवर चार, रेल्वे आणि एसटीत पाच आणि बारा, तर शाळेत 31 डिसेंबर. यात सर्वाधिक नियम बदलतात ते पाचव्या वाढदिवसाला. ते नेमके काय आहेत, समजून घेऊ.

रेल्वे : पाचच्या आत मोफत, पण कधी?

पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. अट एकच, त्याच्यासाठी वेगळा बर्थ किंवा सीट घ्यायची नाही. बर्थ हवा असेल तर मूल दोन वर्षांचे असले तरी प्रौढाचे पूर्ण भाडे भरावे लागते. ऑनलाइन आरक्षण करताना बर्थ न घेता लहान मुलाची फक्त नोंद करण्याची सोय आहे.

पाच वर्षे पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत दोन पर्याय असतात. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे. बर्थ नको असेल तर अर्धे भाडे, आणि मुलाने आई-वडिलांच्या बर्थवर झोपायचे. बारा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट.

आपल्या लहानपणी असे नव्हते. तेव्हा अर्ध्या तिकिटातही पूर्ण बर्थ मिळायचा. हा नियम एप्रिल 2016 मध्ये बदलला. त्यानंतरच्या सात वर्षांत या बदलामुळे रेल्वेला सुमारे 2,800 कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळाल्याचे 2023 मध्ये माहिती अधिकारातून समोर आले. त्याच माहितीनुसार या काळात 3.6 कोटींहून अधिक मुलांनी अर्ध्या भाड्यात, बर्थशिवाय प्रवास केला, तर 10 कोटींहून अधिक मुलांसाठी पूर्ण भाडे भरून बर्थ घेण्यात आला. म्हणजे दर चार मुलांपैकी जवळपास तिघांच्या पालकांनी पूर्ण पैसे मोजले. रात्रभर एका बर्थवर दोघांनी झोपण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

पूर्ण की अर्धे? आधी हिशेब करा

समजा, प्रौढाचे भाडे 800 रुपये आहे. आई, वडील आणि सहा व नऊ वर्षांची दोन मुले असे कुटुंब आहे. सगळ्यांना बर्थ घेतला तर 3,200 रुपये होतात. दोन्ही मुलांचे अर्धे तिकीट काढले तर ढोबळमानाने 2,400. वाचले 800 रुपये, पण दोन बर्थवर चार जण.

यात एक मधला मार्ग आहे, जो अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही मुलांसाठी एकच पर्याय निवडण्याची सक्ती नाही. मोठ्याला बर्थ आणि धाकट्याचे अर्धे तिकीट काढले तर खर्च 2,800 रुपये होतो आणि बर्थ तीन मिळतात. रात्रीच्या लांब प्रवासात 400 रुपये वाचतात आणि झोपही बऱ्यापैकी होते. दिवसाचा चार-पाच तासांचा प्रवास असेल तर दोन्ही मुलांचे अर्धे तिकीट पुरते.

लोअर बर्थ मिळेलच, असे मात्र गृहीत धरू नका. त्यासाठीच्या खास कोट्यात ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षे आणि त्यावरील महिला व गर्भवती महिला येतात. पाच वर्षांच्या मुलाची तिशीतली आई त्यात बसत नाही. त्यामुळे घरोघरी चालणारा तोडगा म्हणजे आजीला मिळालेल्या लोअर बर्थवर नातवाला झोपवायचे. यावर उपाय शोधण्याचा एक प्रयत्न झाला होता. मे 2022 मध्ये मातृदिनाच्या निमित्ताने उत्तर रेल्वेने लखनौ मेलच्या लोअर बर्थला तान्ह्या बाळासाठी घडीचा छोटा बर्थ जोडून पाहिला. पण सगळ्या गाड्यांत ती सोय आलेली नाही.

बसण्याच्या डब्यात अर्धे तिकीट का दिसत नाही?

मुंबई-पुणे प्रवासात हा प्रश्न हमखास येतो. चेअर कार, एक्झिक्युटिव्ह चेअर कार आणि आरक्षित सेकंड सीटिंग या वर्गांत 'सीट नको, अर्धे भाडे' हा पर्यायच नाही. त्यामुळे वंदे भारत किंवा डेक्कन क्वीनच्या आरक्षित डब्यात पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे पूर्ण तिकीट काढावे लागते. अनारक्षित तिकिटावर आणि लोकलमध्ये मात्र पाच ते बारा वयोगटाला अर्धे तिकीट चालते.

तिकीटच नसेल तर? रेल्वे कायद्यानुसार भाडे वसूल होते आणि त्यावर भाड्याइतकी रक्कम किंवा 250 रुपये, यापैकी जी जास्त असेल ती भरावी लागते. दोन महिने आधी आरक्षण करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, मधल्या काळात मुलाचा वाढदिवस येत असेल, तर प्रवासाच्या दिवशी असणारे वय धरून तिकीट काढणे केव्हाही सुरक्षित.

एसटीत काय?

एसटीतही पाच वर्षांखालील मुलांचा प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. फरक पडतो तो बारानंतर. मार्च 2023 पासून राज्यात महिलांना एसटी भाड्यात 50 टक्के सवलत आहे. त्यामुळे मुलगी बारा वर्षांची झाली तरी तिचे तिकीट अर्धेच राहते, मुलाचे मात्र पूर्ण होते. जुळी भावंडे असतील तर बाराव्या वाढदिवसानंतर घरात थोडी वादावादी होणार, हे धरून चाला.

विमानात दोन, दुचाकीवर चार

विमानात पाचचा आकडा फार महत्त्वाचा नाही. तिथे दुसरा वाढदिवस महत्त्वाचा. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसू शकते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. जाताना बाळ दोन वर्षांच्या आतले असेल आणि परतीच्या आधी वाढदिवस येत असेल, तर परतीचे तिकीट सीटसह काढावे लागते. आणखी एक उपयोगी नियम : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना दिलेल्या निर्देशानुसार, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी जागा द्यायची आहे. मुलाशेजारच्या सीटसाठी जादा पैसे मागितले, तर याची आठवण करून द्या.

रोजच्या प्रवासात मात्र विमानापेक्षा स्कूटर महत्त्वाची. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट लागते, वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. हे नियम फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचित झाले आणि वर्षभराने लागू झाले. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवेच. आई, बाबा आणि मध्ये मूल हे दृश्य आपल्याकडे रोजचे असले, तरी कायद्याने चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. लहान मुलाला यातून सूट द्यावी, ही केरळची मागणी केंद्राने 2023 मध्ये फेटाळली. कारमध्ये 14 वर्षांखालील मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसले, तर 1,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण इथे प्रश्न दंडाचा नाही. रेल्वेतली चूक पैशांवर निभावते, रस्त्यावरची निभावेलच असे नाही.

पाचव्या वाढदिवसाची कागदपत्रे

तिकिटाच्या पलीकडे तीन कामे याच वयात करायची असतात.

आधार : पाच वर्षांखालील मुलाला निळे बाल आधार मिळते. त्यात फक्त फोटो असतो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नसते. पाच पूर्ण झाल्यावर या नोंदी करून घेणे बंधनकारक आहे. पाच ते सात या वयात हे काम मोफत होते. सात वर्षांनंतरही नोंद केली नाही, तर आधार निष्क्रिय होऊ शकते. ज्यांची मुदत चुकली, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2025 पासून एक वर्ष 7 ते 15 वयोगटाचे शुल्कही माफ करण्यात आले आहे. पुढची नोंद पंधराव्या वर्षी करायची असते.

लस : राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो. दीड-दोन वर्षांच्या लसी झाल्या की लसीकरणाचे कार्ड कपाटात जाते आणि नेमका हा डोस राहतो. शाळेच्या गडबडीत तो विसरू नका.

शाळा : महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसलेले मूल साडेपाच वर्षांचेही असू शकते. त्याच मुलाला मे महिन्यात मामाच्या गावाला जाताना पाच वर्षांचे म्हणून रेल्वेचे तिकीट काढावे लागते.

निघण्यापूर्वी एवढे करा

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे तो वेळेत काढून ठेवा.
- मुलाला तुमचा मोबाइल नंबर पाठ करून घ्या. पाच वर्षांचे मूल दहा आकडे गाण्यासारखे लक्षात ठेवते. लहान असेल तर चिठ्ठी खिशात ठेवा.
- रेल्वेत काही अडचण आली तर 139, मूल चुकले किंवा संकटात असेल तर 1098 आणि तातडीसाठी 112. हे तीन नंबर आजी-आजोबांच्या फोनमध्येही असू द्या.
- मुलाला खरे वय सांगू द्या.

शेवटचा मुद्दा नियमपुस्तकात सापडणार नाही. पण पाच वर्षांच्या मुलासाठी वय हा फक्त आकडा नसतो. वर्षभर वाट पाहून मिळालेली ती त्याची पहिली मोठी कमाई असते. अर्ध्या तिकिटासाठी ती लपवायला लावणे महागात पडते, हे ताईला त्या रात्री कळले.

परतीच्या प्रवासात भाच्याचे तिकीट काढले होते, अर्धे. टीसी दिसताच त्याने स्वतःच पंजा उघडला आणि म्हणाला, "पाच पूर्ण." या वेळी ताईने त्याला गप्प केले नाही.