कुजबुज ऐकू येईना, स्फोट सोसवेना!

पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीतील कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आठवतात. प्रत्यक्षात रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे पहिले काम आवाज वाढवण्याचे नव्हते. ध्वनिफितीतील नकोशी खरखर कमी करण्याचे होते. याच कंपनीचे डिजिटल ध्वनितंत्र १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटातून चित्रगृहांत आले आणि पुढे डीव्हीडीमार्फत घरोघरी पोहोचले. त्याबरोबरच एक नवी कटकटही घरात आली. नायक-नायिकेचे हळुवार बोलणे ऐकण्यासाठी आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी मोटारींच्या पाठलागाने घर दणाणून जाते. आजी-आजोबांना संवाद कळत नाहीत, पाळण्यातले बाळ मात्र दचकून उठते आणि रिमोट हातातून खाली ठेवण्याची सोय राहत नाही.

हा बहुतेक वेळा दूरचित्रवाणी संचातील बिघाड नसतो. चित्रपटाचा ध्वनी मुळात मोठ्या, शांत चित्रगृहासाठी रचलेला असतो. तेथील ध्वनिमिश्रणात पडद्यामागील प्रत्येक स्पीकरसाठी ८५ डेसिबल ही संदर्भपातळी धरतात आणि क्षणिक मोठ्या आवाजांना त्याहून २० डेसिबल अधिक, म्हणजे १०५ डेसिबलपर्यंत वाव ठेवतात. २० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती शंभरपट! सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील या अंतराला 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. चित्रगृहात हेच अंतर रंगत आणते. घरी मात्र पंख्याची घरघर, रस्त्यावरची वाहने आणि स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्या यांच्याखाली हळू संवाद बुडून जातात. ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'इंटरस्टेलर' (२०१४) आणि 'टेनेट' (२०२०) या चित्रपटांतील संवाद संगीतात हरवतात, अशी तक्रार तर चित्रगृहातील प्रेक्षकांनीही केली होती.

दुसरे कारण स्पीकरच्या संख्येत आहे. '५.१' या पद्धतीत पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे वा बाजूला दोन असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. यातील मधल्या स्पीकरकडे मुख्यतः संवादांचे काम असते. संचाला दोनच स्पीकर असले, की संवाद, पार्श्वसंगीत आणि पावसा-वाऱ्याचे आवाज हे सारे त्या दोघांतूनच बाहेर पडतात आणि शब्द गर्दीत सापडतात. त्यातच आजच्या सपाट संचांचे स्पीकर लहान असून त्यांची तोंडे बहुधा खाली वा मागे असतात. साहजिकच आवाज प्रेक्षकाकडे थेट न येता भिंतीवर वा टेबलावर आपटून येतो.

यावरील पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. बाहेरचे स्पीकर नसतील, तर संचाच्या किंवा चित्रपट दाखवणाऱ्या सेवेच्या ध्वनिविषयक यादीतून '५.१' ऐवजी 'स्टिरिओ' निवडावे. त्यानंतर 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज कंट्रोल' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' यांपैकी जी सोय असेल ती सुरू करावी. नावे निराळी असली तरी काम साधारण एकच : मोठे आवाज दाबणे, हळू आवाज उचलणे. 'डायलॉग' वा 'क्लिअर व्हॉइस' अशी सोय असल्यास तीही वापरून पाहावी. संगणकावर चित्रपट पाहणाऱ्यांना व्हीएलसी या मोफत प्लेअरमधील 'कंप्रेसर'चा उपयोग होतो.

घरात होम थिएटर असणाऱ्यांनी सर्व स्पीकर सारख्याच जोराने वाजतात का, हे आधी तपासावे. अॅम्प्लिफायरमधील 'टेस्ट टोन' लावून नेहमीच्या आसनावर बसून प्रत्येक स्पीकरचा आवाज जुळवून घ्यावा. मग मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी आणि सबवूफरची थोडी कमी करावी. मधला स्पीकर कपाटाच्या खोल खणात न ठेवता शक्यतो कानाच्या उंचीवर, प्रेक्षकाकडे तोंड करून ठेवावा. मधला स्पीकर जोडलेलाच नसेल, तर अॅम्प्लिफायरला तसे सांगणे आवश्यक असते. अन्यथा संवाद न जोडलेल्या स्पीकरकडे जातात आणि ऐकूच येत नाहीत.

खोलीचाही वाटा कमी नसतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवतात. त्यामुळे शब्दांच्या कडा बोथट होतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनीही फरक पडतो.

चित्रपटातून वाहिनीकडे वळताच आवाज उसळतो, याचे कारण मोजमापाच्या निकषांत असते. युरोपातील प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एकके ठरवली. नेटफ्लिक्सचा निकष संवादांची पातळी उणे २७ ठेवण्याचा आहे. अमेरिकेत तर जाहिरातींचा आवाज कार्यक्रमाहून मोठा नसावा, यासाठी २०१० मध्ये कायदा करावा लागला.

वाढत्या वयाचाही विचार हवा. उतारवयात श्रवणशक्ती प्रथम उंच पट्टीच्या ध्वनींबाबत मंदावते आणि 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटू लागतात. अशा वेळी नुसता आवाज वाढवला, तर खर्जही वाढतो. शब्द कळत नाहीत. खर्ज कमी आणि वरची पट्टी किंचित जास्त ठेवल्यास, तसेच पडद्यावर उपशीर्षके लावल्यास घरातील ज्येष्ठांना कथेचा धागा सापडतो. एवढे करूनही समोरच्याचे साधे बोलणे समजत नसेल, तर दोष स्पीकरला न देता कानांची तपासणी करून घेणे इष्ट.

सदनिकांत राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न शेजारधर्माचाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि सबवूफरचा खर्ज भिंती सहज ओलांडतो. पलीकडे कुणी परीक्षेचा अभ्यास करत असते, कुणी आजारी असते. डायनॅमिक रेंज आवळल्याने स्फोटाचा थरार थोडा उणावतो हे खरे. पण संवाद सर्वांना ऐकू येतात आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. रात्रीच्या खेळासाठी हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.